मरियामाऊलीच्या दोन बाजूंचे काटे

आमच्या पप्पांनी आयुष्यभर गाडी कानांनी चालवली. डॅशबोर्डवरचा टेम्परेचरचा काटा मी कॉलेजात असतानाच मेला होता. दुरुस्त करा म्हटलं की म्हणायचे, "काटे बघत बसायचं तर भिंतीवरचं घड्याळ काय वाईट? गाडी कशाला पाहिजे?" इंजिन नुसतं खाकरलं तरी त्याला काय दुखतंय ते त्यांना कळायचं. भुईगावात आमच्या गल्लीत कुणाची गाडी वळली की हे पडवीत बसून निकाल द्यायचे, याचा सायलेन्सर फुटला, त्याच्या क्लचचे दिवस भरले. आणि चालवायचे अनवाणी. चपला सीटखाली. बूट घालून गाडी चालवणं म्हणजे हातमोजे घालून भाकरी थापणं, असं त्यांचं ठाम मत.

गाडी जुनी, डिझेलची, नाकाने मोठी. केळीचे घड, शेणखत, गावातल्या दोन-चार नवऱ्या, सगळं वाहून झालंय तिने. माझ्यापेक्षा तिचे लाड जास्त झाले, हे मी अजूनही ऐकवते.

गेल्या उन्हाळ्यात पप्पा आणि आई बाजारातून परत येत होते. रेडिएटरच्या पाइपातून सूं सूं आवाज यायला लागला. आईने सांगितलं, "काहीतरी वाजतंय हो." पुन्हा सांगितलं. पप्पांना वाटलं, ही नेहमीसारखी जपमाळ म्हणतेय. त्यांनी भक्तिभावाने मान डोलावली आणि गाडी तशीच हाणली. घराच्या फाटकाशी आले तेव्हा बॉनेटमधून वाफेचे लोट निघत होते आणि आई खरोखरच जपमाळ म्हणत होती.

इंजिनाचं हेड उतरवावं लागलं. सातिवलीच्या मेकॅनिकने बजावलं, या वेळी वाचलं, पुन्हा तापलं तर सरळ भंगारात. पप्पा मान हलवत होते, पण अर्धं त्यांना ऐकूच आलं नव्हतं. मला ते दिसत होतं. गाडी गेली तर हा माणूस पडवीत बसेल, आणि एकदा बसला की म्हातारा होईल. बाकी कसली नाही, तेवढीच भीती होती मला.

कानाच्या मशीनचं नाव काढलं तर भडकले. "कानात बटण खुपसून चर्चमध्ये मिस्सेला जाऊ? लोक काय म्हणतील?" मीही त्यांचीच मुलगी. म्हटलं, "वाफ काढत फाटकात आलात तेव्हा लोक काय म्हणाले, ते विचारा आईला." शेवटी मीच ऑनलाइन दोन मीटर मागवले, एक ऑइल प्रेशरचा, एक टेम्परेचरचा. खोकं उघडून पप्पांनी वायरींचं जंजाळ बाहेर काढलं आणि माझ्याकडे बघितलं. "गाडीला काय आयसीयूत ठेवतेस?"

"हो," मी म्हटलं. "आणि तुम्ही नर्स."

हसले. तिथेच मी जिंकले. खरं सांगायचं तर इतक्या सहज कसे ऐकले, याचं मला तेव्हाच नवल वाटायला हवं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही बापलेक आंब्याखाली गाडी घेऊन बसलो. पप्पांनी रेडिएटरचा वरचा पाइप मोठ्या जड मनाने कापला आणि मधे अॅल्युमिनियमचा तुकडा बसवला. त्या तुकड्यात सेन्सर. दोन्ही बाजूंना क्लिपा आवळल्या. माहितीपत्रक मी मोठ्याने वाचत होते, ते अर्थातच ऐकत नव्हते, आणि या खेपेला कानांचा काही दोष नव्हता.

मीटर बसवायचे कुठे, यावर मात्र घरात रण पेटलं. डॅशबोर्डच्या मधोमध मरियामाऊलीची मूर्ती. गाडी घेतली तेव्हा फादरांनी आशीर्वाद देऊन ठेवलेली. मीटरना तीच जागा सोयीची. आई पदर खोचून दारात उभी राहिली. "तिला कुणी हात लावायचा नाही. तुमच्या घड्याळांसाठी माऊलीने उठायचं?"

म्हटलं, नको उठवूया. एक मीटर तिच्या डाव्या हाताला, एक उजव्या. आई लांबून, मान तिरकी करून बघत राहिली. "वेदीवरच्या मेणबत्त्यांसारखे दिसतात," म्हणाली. "राहू देत." झालं, परवानगी मिळाली.

गाडी सुरू केली. ऑइलचा काटा टुणकन उठला. टेम्परेचरचा जागचा हलेना. इंजिन तापलं, वाट बघून आम्ही तापलो, काटा ढिम्म. पप्पा म्हणाले, "फसवलं तुला. परत पाठव." मी शाळेत विज्ञान शिकवते, तेव्हा नाकावर राग आलाच. पुन्हा बॉनेटमध्ये डोकं घातलं आणि लक्षात आलं. सेन्सरच्या तुकड्याला दोन्हीकडून रबर. त्याला अर्थिंग मिळणार कुठून? एक वायर त्या क्लिपेखालून काढून इंजिनाला जोडली. काटा थरथरला आणि सावकाश वर चढायला लागला.

पप्पांनी काळ्या हातानेच माझ्या पाठीवर थाप मारली. त्या कुडत्यावरचा ऑइलचा पंजा अजून गेलेला नाही. मीही घालवायचा फारसा प्रयत्न केलेला नाही.

मग काय विचारता! जो माणूस काट्यांना नावं ठेवायचा, तो काट्यांचा भक्त झाला. रस्ता कमी आणि मीटर जास्त बघायला लागले. शेजाऱ्यांना फाटकाशी बोलावून दाखवायचे, हे बघ ऑइल, हे बघ पाणी. आई म्हणायची, "लग्नात माझ्याकडे इतकं बघितलं असतं तर!" आणि एक नवीनच सुरू झालं. रविवारी दुपारी मला शेजारी बसवायचे नाहीत, स्टिअरिंगवर बसवायचे. मला गाडी येत होती, पण ही अवजड गाडी मी कधी हातात घेतली नव्हती. "घे, घे," म्हणायचे. "शिकवणाऱ्यांनी पण शिकावं."

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी मिस्सा झाली. आम्हाला चांदीपला जायचं होतं, तिथे पप्पांच्या जुन्या दोस्ताची शेती आहे. चर्चबाहेर पप्पांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "आज लांब चालव." शेजारी बसताच त्यांनी मिस्सेचे बूट काढले, मोजे काढले आणि पाय मोकळे सोडले. आई मागे बसली. बसण्याआधी तिने वाकून आशीर्वाद दिलेल्या झावळीचं पातं माऊलीपाशी खोचलं, दरवर्षी खोचते तसं. फक्त या वर्षी खोचायला मीटरच्या कडेची नवीन फट मिळाली होती.

हायवेच्या अलीकडे ट्रकांची रांग लागली. ऊन मी म्हणत होतं, सगळीकडून हॉर्न. गाडी गोगलगायीसारखी सरकत होती. मी काट्याकडे बघत होते, बरं का. काटा मधोमध. मी निर्धास्त.

अचानक पप्पा म्हणाले, "बाजूला घे."

"का? सगळं ठीक आहे की."

"बाजूला घे म्हणतो ना!"

घेतली. पप्पांनी पुढे वाकून झावळीचं पातं उपसलं. त्याही घाईत त्याचं चुंबन घेतलं, मागे आईच्या हातात दिलं आणि मग बोट दाखवलं. मी बघत होते तो ऑइलचा काटा होता. टेम्परेचरचा काटा पात्याच्या आड लाल रेषेला टेकला होता.

"हीटर लाव," पप्पा म्हणाले. "फुल." इंजिनाची उष्णता आत ओढून घ्यायची तीच एक वाट. उन्हाच्या त्या तलखीत, मिस्सेच्या कपड्यांत, आम्ही तिघं हीटर लावून बसलो. आई पदराने तोंड पुसत माऊलीची माफी मागत होती, माझी नाही. काटा हळूहळू खाली उतरला तेव्हा कुठे इंजिन बंद केलं.

बॉनेट उघडलं तर पंख्याचा पट्टा सैल पडला होता.

"ओरडत असणार तो," पप्पा म्हणाले. "मला नाही आला ऐकू. तुला आला?"

"नाही."

"मला आता नीट ऐकायलाच येत नाही गं," ते म्हणाले. इतके दिवस आम्ही ज्यावरून भांडलो ते त्यांनी असं, ट्रकांच्या गोंगाटात, पट्टा ताणता ताणता सांगून टाकलं. मी विचारलं, "मग तुम्हाला कळलं कसं?"

त्यांनी अनवाणी पाऊल उचलून दाखवलं. तळवा लालबुंद. "खालचा पत्रा तापला. माझं काय, कान गेले तरी पाय आहेत."

"मग मीटर कशाला लावू दिलेत?"

"तुझ्यासाठी," पप्पा म्हणाले. "गाडी तुझ्याकडेच येणार ना? तुला कान नाहीत की पाय नाहीत. तुला काटा तरी पाहिजे."

मी तोंड फिरवलं. सहा महिने मी समजत होते की मी या माणसाची काळजी घेतेय. हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि मागून आई विचारत होती, "काय म्हणाले? काय झालं?"

पट्टा बसला. पप्पा पुन्हा शेजारीच बसले. किल्ली त्यांनी मागितली नाही. मी सीटवर बसले, सँडल काढल्या, सीटखाली सरकवल्या आणि पाय पत्र्यावर टेकवले.

"काय कळतंय?" पप्पांनी विचारलं.

त्यांच्या कानाशी जाऊन मी ओरडले, "काही नाही! नुसतं गरम लागतंय!"

"कळेल," ते म्हणाले. "चल."