मुंग्यांवर ठिपके देणारी

४ नोव्हेंबर १९३५. नवी बाजरी पंचवटीतल्या आमच्या अंगणात उन्हाला घातली होती आणि मुंग्या दाणे पळवत होत्या. हळदीचा डबा घेऊन बाहेर आले, तर एक परकी मुलगी मुंग्यांच्या रांगेशेजारी उकिडवी बसलेली. शेजाऱ्यांकडे सुट्टीला आलेली, पुण्याच्या कॉलेजातली. काडीच्या टोकाला केस बांधून केलेल्या कुंचल्यानं ती एकेका मुंगीच्या पाठीवर पांढरा ठिपका देत होती. मुंगी थांबतही नव्हती.

"मावशी, हळद नका टाकू! रांग मोडली तर माझी सगळी मेहनत वाया जाईल."

"आणि माझी बाजरी?"

"थोडीच जाईल हो. पण या मुंग्या आपल्या बिळाची वाट कशी ओळखतात, ते आमच्या प्रोफेसरांनाही ठाऊक नाही. अजून कुणालाच नाही."

"मग तुला कसं कळणार?"

"बघत बसून."

कुणालाच ठाऊक नसलेली गोष्ट माझ्या अंगणात चालली होती! मी डबा ठेवून तिच्याशेजारी बसले. ठिपक्याची एक मुंगी बिळात शिरली, थोड्या वेळानं बाहेर आली आणि सरळ दाण्यांकडे निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजरी गच्चीवर नेली, मुंग्यांपुरती मागे ठेवली आणि अंगणात सडा घातला नाही.