अनंतरामय्यांची म्हातारी

"म्हातारीला काढा!" निर्माते भूषय्या ओरडत होते. "राक्षस हवा, मांत्रिक हवा, उडता गालिचा तर हवाच. पण ही चुलीपुढची म्हातारी कशाला?"

"मग दमलेल्या राजपुत्राला जेवायला कोण घालणार? तुम्ही?" लेखक अनंतरामय्या म्हणाले.

मद्रासच्या सिनेवस्तीतल्या, कोडंबाकमच्या त्या ऑफिसबाहेर पायरीवर बसून वरहालम्मा ऐकत होती. म्हातारी म्हणजे तीच. नाटक कंपनी बुडाल्यावर तेनालीहून मद्रासला आलेली. चाळिशीतच केस पांढरे, पुढचे दोन दात गायब. तिला राजकन्येचं काम कोण देणार? पडद्यावरची चूल विझली की घरचीही विझलीच.

"किल्ले पुठ्ठ्याचे असतात, भूषय्यागारू. लोकांना एक तरी खरं घर दिसू द्या. म्हातारी नसेल तर गोष्ट माझी नाही." अनंतरामय्या कागद गोळा करून उठलेच. भूषय्यांनी हात धरून बसवलं. म्हातारी राहिली.

वरहालम्माला वाचता येत नसे. म्हणून शूटिंगच्या आदल्या दिवशी अनंतरामय्या स्वतः तिच्या खोलीवर येत, चटईवर बसून संवाद वाचत, आणि ती ऐकलं तसं पाठ करी. अगदी ऐकलं तसंच. तपकिरीचं त्यांना वेड. "ये बाळा," एवढं वाचून चिमूट ओढायची, "हं" करायचं, मग "दमलास का रे?" कॅमेऱ्यापुढे तीही म्हणाली, "ये बाळा... हं... दमलास का रे?"

अनंतरामय्यांनी कपाळावर हात मारला. "अम्मा, ते हं माझ्या नाकाचं होतं!"

पण विजयवाड्याच्या थेटरात बाया त्या 'हं'वर पदर डोळ्याला लावू लागल्या. मग काय, पुढच्या बावीस सिनेमांत म्हातारी हं करत राहिली.

पुढे पडद्यावर बंगल्यातल्या गोष्टी आल्या. जिना, पियानो, मोटार. त्यातले नायक कुठल्या म्हातारीच्या दारी जाणार? मांत्रिक घरी बसले, भूषय्यांनी मंगल कार्यालय काढलं. अनंतरामय्या मात्र दर गुरुवारी नवा कागद घेऊन येतच राहिले.

"पंतुलुगारू, सिनेमा कुठला?" ती आपल्या या गुरुजींना विचारी.

"बोलणी चाललीत."

बोलणी कुठलीच नाहीत, हे तिला ठाऊक होतं. ती मुगाचा डोसा तव्यावर घाली आणि संवाद पाठ करी.

त्यांच्या शेवटच्या गुरुवारीही तसंच झालं. डॉक्टरांनी तपकीर बंद केलेली. वाचताना भलत्याच जागी धाप लागत होती. वरहालम्मानं सगळं म्हणून दाखवलं. धापा तेवढ्या गाळल्या, हं मात्र जुन्याच जागी.

"अम्मा, आज मी चिमूट ओढलीच नाही!"

"तुम्ही सोडली असेल. म्हातारीनं नाही सोडली."

ते खोकला येईपर्यंत हसले. मग नेहमीसारखी कागदाची घडी करून डाळीच्या डब्याखाली ठेवली.

"सकाळी सहाला कंपनीची गाडी येईल. तयार राहा."

"केस विंचरू?"

"नको. आहेत तसेच."

"बरं."

छत्री काखोटीला मारून ते एकेक पायरी उतरत गेले.