ललिताचं पडणं

डिसेंबरात पोलाद कारखान्याच्या कामगारवस्तीत, कॅम्प-1 वर, सकाळी धूर आणि धुकं वेगळं ओळखू येत नाही. एकोणनव्वदच्या त्या सकाळी शेडमधली ताडपत्री दवानं थबथबली होती. ललितानं ती एकटीनं ओढली, खालचा पैरा, म्हणजे धानाचं तणस, हातानं उलथापालथा केला, अन् कुठं खडा-खिळा टोचतो का म्हणून अनवाणी चालून पाहिलं. नवप्रभात व्यायाम मंडळाची ज्युदोची गादी ती हीच.

तिचा बाप धोंडबा भंडाऱ्याकडून आलेला, कारखान्यात खलाशी, म्हणजे अवजड सामान हलवणारा मजूर. पोरीनं अशी झटापट करावी हे त्याला पटत नव्हतं. पण जबलपूरहून तिनं राज्याचं रौप्यपदक आणलं, तेव्हा जेवणाच्या डब्यात घालून तो ते खात्यात सगळ्यांना दाखवून आला. पुढं तिचा उजवा खांदा निखळला. खेळ संपला, अन् ती मंडळातल्या पोरींना शिकवू लागली. फुकट. कागदावर त्याला ‘मानसेवी’ म्हणत. यंदा कायम प्रशिक्षकाची जागा निघाली होती. ती आपलीच, हे ललितानं धरूनच ठेवलं होतं. दुसरं होतंच कोण?

मंडळाचे सचिव भैय्याजी त्या दिवशी समितीचे पाच जण घेऊन येणार होते. प्रात्यक्षिक पाहून नाव ठरणार होतं.

“साधना, पुऱ्या ताकदीनं फेक मले,” ललितानं आपल्या चेलीला बजावलं. “अर्धवट फेकशील तं माहंच हाड मोडन.”

“दीदी, खांदा?”

“खांद्याचं मी पाहीन. तू फेक.”

साधना हुडको कॉलनीतल्या, कारखान्याच्या एका बड्या अधिकाऱ्याची मुलगी. हाताची चपळ, ललितानंच घडवलेली. ज्युदोत शिकवणाऱ्यानं स्वतः पडून चेल्याचा डाव खुलवायचा असतो. अंग सैल सोडायचं, हनुवटी छातीला लावायची, जमिनीवर हात आपटायचा. ललिता सात वेळा पडली. सातही वेळा हाताचा असा आवाज निघाला की शेडचे पत्रे घुमले. समितीनं टाळ्या पिटल्या.

चहा झाल्यावर भैय्याजी रुमालानं मिशा पुसत आले.

“ललिताबाई, साधनाचं नाव पक्कं झालं.”

“कायचं?”

“कोचचं. कमिटी म्हणे, सातच्या सात वेळा चेलीनं गुरूले चित केलं. आता म्या काय बोलू?”

“भैय्याजी, कुस्ती नोहती ते! म्या पडून दाखवलं.”

“पडल्या तं ना? सगळ्यायनं पाह्यलं.”

“मंग लढवा आमाले. आत्ताच्या आत्ता.”

“सह्या झाल्या बाई. पाहुण्यायचा टाइम काहून खाता?”

ललिता वळली. “साधना, तू सांग यायले.”

साधना कमरेचा पट्टा सोडत होती. तिनं वर पाहिलं नाही. “दीदी, पापा से बात कर लो ना. मुझे क्या पता.”

तिला सगळं पता होतं. पडायचं कसं, हे शिकण्यातच तिचं पहिलं वर्ष गेलं होतं.

“तुमी येत जा ना पहिल्यावानीच,” भैय्याजी मऊ होऊन म्हणाले. “लहान पोरीयले पडाले तुमीच शिकवा. ते तुमाले मस्त जमते.”

“उद्या तुमीच पडा साधनाच्या हातून, भैय्याजी. मंग समजन कसं जमते ते.”

पाहुणे खो-खो हसले. बाई गमतीची आहे, असं त्यांना वाटलं.

घरी आई, गिरजाबाई, ओसरीवर तांदूळ पाखडत होती.

“झालं काय व नाव?”

“झालं. साधनाचं.”

सूप थांबलं. “अन् तू?”

“मी लय चांगली पडली.”

गिरजाबाईनं सूप भिंतीला टेकवलं. “बाप येईन आता ड्युटीवरून. सिगडी पेटवाची हाय.”

ललितानं पदर खोचला, डाव्या हातात हातोडी घेतली अन् कोळसा फोडायला बसली.