पाच हत्तींची जत्रा

आमच्या अक्कांनी मुलाच्या पाटीवरचं चुकलेलं उत्तर कधी पुसलं नाही. त्या पाटी हातात घ्यायच्या, मुलाला जवळ ओढायच्या आणि विचारायच्या, “हे कुठून आलं?” सात आणि पाच तेरा लिहिणाऱ्याला ते सांगावं लागे, आणि सांगता सांगता बहुतेकदा त्याचं त्यालाच बारा सापडत. एका तासात चार पाट्यासुद्धा तपासून होत नसत. मला त्याचा राग यायचा.

बंगळुरातल्या शिवाजीनगरच्या बाजारामागे आमची शाळा होती, कन्नड माध्यमाची. तिच्यात लहान मुलांचा एकच मराठी वर्ग, चौदा जणांचा, आणि तो अक्कांचा. त्यांचं घराणं तिथे इतक्या पिढ्यांचं, की मराठी बोलताना ‘जरा थांब’च्या जागी कन्नडातलं ‘स्वल्प थांब’ म्हटल्याचं त्यांना कळतही नसे. मी लग्न होऊन सांगलीहून आलेली, त्यांच्या हाताखाली नवी. साठ सालाच्या आसपास कळलं, की एवढ्याशा मुलांसाठी वेगळा वर्ग ठेवायचा की मोडायचा हे ठरवायला तपासणीस येणार आहेत. अक्का म्हणाल्या, “येऊ देत. त्या दिवशी आपण जत्रा भरवू. पाढे म्हणणारी मुलं त्यांनी पुष्कळ पाहिली असतील.”

कामं वाटताना अक्का कागद वापरत नसत. मला ते जमेना, मी यादी केली. टबातून गळाने पकडायचे अंकांचे मासे. अक्षरांचं फिरतं चक्र. तराजू आणि चिंचोके. लांबून कडी फेकून मोजायला पाच लाकडी हत्ती. शाळेच्या शिपायाला, मुनियप्पाला, मराठी येत नव्हतं. मला कन्नडातले आकडे आणि ‘बेकु’, म्हणजे पाहिजे, एवढं नुकतंच येऊ लागलं होतं आणि त्याचा अभिमानही होता. “ऐदु हत्ती बेकु,” मी त्याला ठासून सांगितलं.

आदल्या दिवशी दुपारी मुनियप्पाने टेबलावर कापसाची पाच पुडकी आणून ठेवली. कन्नडात हत्ती म्हणजे कापूस. शुक्रवार होता, खेळण्यांचं दुकान बंद. अक्कांनी एक पुडकं उचललं आणि मला विचारलं, “हे कुठून आलं?” मी सांगितलं. त्या हसल्या नाहीत. खोक्याचा पुठ्ठा कापून त्यांनी एक हत्ती केला, काळ्या शाईने रंगवला आणि कापसाशेजारी उभा केला. वर पाटी लावली: हत्ती. एकदा मराठी अक्षरांत, एकदा कन्नड.

मला धडकी भरली. मुलांना कन्नड इतकं येतं हे तपासणिसांना उघड दाखवायचं? मी म्हटलं, अक्का, ही पाटी काढू, आणि उद्या मुलांना फक्त मराठी बोलायला सांगू. अक्कांना चिडलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. “येतं ते लपवायला मी पोरांना शिकवणार नाही,” त्या म्हणाल्या, आणि कात्री खणात टाकून घरी गेल्या.

तपासणीस मासे, चक्र, तराजू यांपुढून न थांबता गेले. हत्तीच्या पाटीपाशी थांबले. तिथे सहा वर्षांची सुशीला उभी होती. त्यांनी कन्नडात विचारलं, हत्ती म्हणजे काय गं? तिने कन्नडातच उलट विचारलं, “कुठली, सर? दुकानात हत्ती पांढरी असते. आमच्या घरी काळा असतो.” ते पोट धरून हसले. माझा जीव भांड्यात पडला. डोळे पुसून ते अक्कांना म्हणाले, “यांना कन्नड इतकं छान येतं. मग वेगळा वर्ग कशाला?”

जत्रेचा गलका चालूच होता. अक्का म्हणाल्या, “कन्नड यांना गल्लीत येतं, सर. मराठी लिहायला इथं नाही तर कुठं शिकतील?” तपासणिसांनी वहीत काहीतरी लिहिलं.

एप्रिलमध्ये कागद आला: जूनपासून वर्ग बंद. मी अक्कांपुढे रडले. माझ्या एका शब्दाने घात केला, लाकडी हत्ती आले असते तर तपासणीस ते पाच मोजून निघून गेले असते, असं म्हणाले. अक्कांनी ऐकून घेतलं. “लाकडी हत्ती बघून ते काय म्हणाले असते, तुला ठाऊक नाही, मलाही नाही. सुशी खरं बोलली. तिच्यासमोर असलं तोंड करून जाऊ नकोस.”

जूनमध्ये अक्का चौदा मुलांना स्वतः कन्नड वर्गात घेऊन गेल्या आणि शेवटच्या बाकावर त्यांच्यामध्ये बसल्या. मोठी मुलं दारातून डोकावून हसत. अक्का आठ दिवस बसल्या. नवव्या दिवशी सुशीला त्यांच्याकडे वळून कन्नडात म्हणाली, “अक्का, आता तुम्ही गेलात तरी चालेल.”

“सरी,” अक्का कन्नडातच ‘बरं’ म्हणाल्या, आणि उठल्या.