मानेमागची गाठ

वरच्या मजल्यावर एकटी राहणाऱ्या वकील मुलीनं सकाळी आमची बेल वाजवली. "काका, गळ्यातल्या या वकिली बँडची मागं गाठ मारता? आज मला जमतच नाहीये." सिनिअरशिवाय ती पहिल्यांदाच कोर्टात जामीन मागणार होती.

पांढऱ्या नाड्या बांधत मी म्हणालो, "काय होतं ते सांग हं."

"सांगते. नाहीतरी इथं विचारणारं कोण आहे?"

एरवी सकाळी आठला जाऊन रात्री नऊला येणारी, रविवारीही ऑफिस गाठणारी ती, आज दिवेलागणीलाच परतली. आमच्या दाराशी थांबली आणि बेल न वाजवताच वर गेली. जिंकल्याचं शेजाऱ्यालाही सांगता येतं. हरल्याचं सांगायला घरचं माणूस लागतं.

तिच्या खिडकीचा उजेड समोरच्या भिंतीवर पडतो. आज तो बराच वेळ पडला नाही.