तिने माहेरचं नाव ठेवलं

वैशालीला तिच्या नवऱ्याने मारून टाकलं.

"देवाघरी गेली" असं कुणी लिहू नका प्लीज.
लोखंडी पाइपने मारलं.

आज एक वर्ष झालं.

ती आटपाडीची, मी इस्लामपूरची. सांगलीला कॉलेजात एकाच रूमवर होतो. दोघींच्या घरातली पहिली डिग्री आमचीच.

पुढे एका ओपन सोर्स प्रोजेक्टमध्येही सोबत होतो. एका कॉम्प्युटरच्या पोटात अनेक कॉम्प्युटर चालवणारं, कर्नलमधलं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातलं सॉफ्टवेअर. मुळात एक्स८६ प्रोसेसरसाठी लिहिलेलं, नंतर एआरएम या वेगळ्या जातीच्या प्रोसेसरसाठी त्यातच ठिगळं लावलेली.

वैशालीने ते निस्तरायला घेतलं. प्रत्येक प्रोसेसरचा कोड त्याच्या फोल्डरमध्ये, सगळ्यांना लागणारा तेवढा मधल्या फोल्डरमध्ये.

"लय खिचडी झालीया गं," म्हणायची. "जावाजावा एका चुलीवर. आधी चुली येगळ्या करू, मग भांडा म्हणावं."

लग्न होऊन ती खंडाळ्याला गेली.
प्रोजेक्टमध्ये प्रत्येक बदलावर करणाऱ्याचं नाव राहतं. तिने माहेरचंच ठेवलं.

नवऱ्याने एकदा ते स्क्रीनवर वाचलं.
"माझं आडनाव लावायला लाज वाटती व्हय?"
तिचा उजवा हात चौकटीवर धरून दार आपटलं त्याने. दोन बोटं मोडली.

मी फोनवर रडायला लागले, तर म्हणाली, "डावा हाय की. भाऊ न्यायला येतोय रविवारी."

रविवारच्या आदल्या दुपारी आम्ही व्हिडिओ कॉलवर होतो. एआरएमवर पोटातलं मशीन सुरूच होत नव्हतं.
"एक्स८६चा टायमर मधल्या फोल्डरात राहिलाय बघ," ती म्हणाली.
तेवढ्यात नवरा आत आला.

लॅपटॉप खाली पडला. मला फक्त फरशी दिसत होती.
आणि आवाज.
मी ओरडत होते. त्याला ऐकू जात होतं. तरी तो थांबला नाही.
मग फरशीवरून रक्त आलं, कॅमेऱ्यापर्यंत.

कित्येक महिने मला तो कोड उघडवला नाही. शेवटी टायमर एक्स८६च्या फोल्डरमध्ये हलवला. तिचं काम तिच्या नावाने प्रोजेक्टला पाठवतेय असं इथे पोस्टमध्ये लिहिलं, ते वाचून तिच्या दिराचा फोन.

"ताई, नेटवर तिचं नाव नको. आमची बदनामी हुती."
"आवं, त्यात तुमचं नाव हाय कुठं? न्हाई म्हणूनच मारली की तिला."
"लय शिकलीस. कोर्टात येशील तवा बघतो."

काल तिचा बदल प्रोजेक्टमध्ये घेतला गेला. एआरएमवर मशीन सुरू झालं. करणारी म्हणून वैशालीचं नाव आहे, माहेरच्या आडनावासकट.

पुढच्या तारखेला माझी साक्ष आहे.
आई म्हणते, नको जाऊ.
मी जाणार. जे ऐकलं ते सगळं सांगणार, एकेक आवाज.

वैशू, निरोप घेते गं.
श्रद्धांजली शांतपणे वाहतात म्हणे. मला अजून ते जमत नाहीय.