ड्रायव्हर सीटवरची धूळ

"मिस्त्री, इंजिन फिरतंय पण पकडत नाय. आणि इम्राननं पाच वाजता भंगारवाल्याचा टेम्पो बोलावलाय. तुम्ही लगेच या."

रझिया आपांचा फोन. आपा म्हणजे उर्दू शाळेतल्या रिटायर्ड बाई. त्यांचे मिस्टर पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. त्यांची पांढरी अँबेसिडर मी तीस वर्षं सांभाळली. साहेब सात वर्षांपूर्वी गेले. गुडघ्यांनी दगा दिल्यावर मुकुंदवाडीतलं गॅरेज मीही बंद केलं. आता कुणी बोलावलं तर मी आधी नाही म्हणतो. या गाडीला मात्र नाही म्हणवलं नाही. पाने-पकड गुंडाळलेला जुना कपडा उचलला आणि रिक्षा धरली.

क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. फाटकातून आत शिरलो तर गाडी झाडाखाली उभी, बोनेट उघडं आणि बाजूला इम्रान. हा त्यांचा एकुलता एक मुलगा, पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत. त्याला मी चड्डीत पाहिलेलं, त्यामुळे तो मला काका म्हणतो आणि मी त्याला अरेतुरे करतो.

"काका, उगीच मेहनत करू नका," तो म्हणाला. "सात वर्षं गाडी इथंच उभी आहे. चालली तर ठेवू, नाही चालली तर जाऊ दे. पाचपर्यंत बघा."

आपा पायरीवर बसल्या होत्या. शाळेत चारशे पोरांना गप्प बसवणारी बाई स्वतःच गप्प बसलेली पाहून मला बरं वाटलं नाही.

चावी फिरवली. बॅटरी ठणठणीत. पेट्रोल हुंगलं, ताजं होतं. म्हणजे राहिले प्लग. प्लग म्हणजे इंजिनातली काडेपेटी. चार सिलिंडरना चार प्लग. त्याच्या टोकाला ठिणगी पडते आणि पेट्रोल पेटतं. टोकावर काजळी बसली की वीज त्या काजळीतूनच पळून जाते आणि ठिणगी पडत नाही.

चारही प्लग काढले. चुलीवरच्या तव्याच्या बुडासारखे काळेकुट्ट. बोट फिरवलं तर कोरडी काजळी. हे बघून मला हायसं वाटलं. जुने मेकॅनिक प्लगच्या रंगावरून इंजिनाची नाडी बघतात. प्लग तेलकट ओला असेल तर इंजिन आतून गेलंय. कोरडा काळा असेल तर इंजिन धडधाकट आहे, फक्त त्याला पेट्रोल जास्त पाजलंय.

पण उभ्या गाडीला जास्त पेट्रोल पाजलं कुणी?

मी गाडीत डोकावलो. जुनी गाडी, पुढं एकच सलग लांब सीट. त्या सीटची डावी बाजू लख्ख, वर धुतलेली चादर. ड्रायव्हरची बाजू धुळीनं भरलेली. खाली वाकून बघितलं तर ॲक्सिलरेटरवर कोळ्यानं जाळं केलेलं.

"आपा, गाडी कोण चालू करतं?"

"मीच. दर जुम्म्याला, नमाजनंतर. पाच मिनट. घड्याळ लावून."

"कुठं बसून?"

"माझ्या जागेवर. हात पोचतो की चावीला."

"आणि चोक?"

"तो तर पूरा ओढते. नाहीतर चालूच होत नाय."

चोक म्हणजे थंड इंजिन चालू व्हायला जास्त पेट्रोल देणारी खुंटी. गाडी चालू झाली की ती हळूहळू आत ढकलायची. आपांनी सात वर्षं ती ओढलेलीच ठेवली. खुंटी आत ढकलली की ॲक्सिलरेटर दाबावा लागतो आणि तिथं त्यांचा पाय पोचत नव्हता, कारण ड्रायव्हरची सीट म्हणजे साहेबांची जागा. तिथं त्या बसल्या नाहीत, कुणाला बसू दिलं नाही. साहेब असताना दर जुम्म्याला दोघं याच गाडीतून पैठण रोडला फिरायला जायचे.

"पण असं करायला तुम्हाला सांगितलं कुणी?" मी जरा आवाज चढवूनच विचारलं.

"तुम्हीच की मिस्त्री. साहेब गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी आला होतात. हप्त्यातून एकदा पाच मिनट चालू करत जा म्हणालात."

मी म्हणालो होतो. बॅटरी उतरू नये म्हणून, दारातून निघता निघता बोललो होतो. आपल्याच पायावर धोंडा मारून घेणारे मी लई बघितलेत, पण हा धोंडा मी दुसऱ्याच्या गाडीवर टाकला होता.

खाली बसलो आणि कामाला लागलो. आमच्या उमेदवारीच्या काळात प्लग साफ करायला वाळूचं मशीन असायचं. प्लग भोकात धरायचा, वाळूचा फवारा बसायचा, घर्रर्र आवाज यायचा आणि प्लग पांढराशुभ्र होऊन बाहेर. उस्ताद तो उजेडात धरून म्हणायचे, "देख, दुल्हा बन गया." आता मशीन गेलं, उस्तादही गेले. मी पेट्रोल आणि पितळी ब्रशवर भागवलं. टोकाची फट अंगठ्याच्या नखाच्या जाडीएवढी केली आणि प्लग परत बसवले.

गाडी तिसऱ्या झटक्याला चालू झाली. आपा उभ्या राहिल्या. पण इंजिन लंगडत होतं, एक सिलिंडर अधूनमधून दांडी मारत होता.

"बघा, म्हणालो होतो ना," इम्रान म्हणाला.

"आता हिला रस्त्यावर काढावं लागेल," मी म्हणालो. "निदान अर्धा तास. प्लग चांगला तापला की उरलेली काजळी स्वतःच जाळतो. इथं उभी ठेवली तर हप्त्यात परत काळा."

"मग चालवा तुम्ही."

मी धुळीच्या सीटकडं बघितलं, मग आपांकडं. "माझे गुडघे क्लच दाबत नाहीत," म्हणालो. अर्धं खरं होतं.

आपा पायरी उतरून आल्या. मग गाडीचं दार उघडलं आणि ओढणीच्या टोकानं ती सीट पुसली. कानाकोपऱ्यासकट.

"इम्रान, बैठ."

"अम्मी, मला हिचे गिअर येत नाहीत."

"मला येतात. तीस साल बाजूला बसून बघितलेत. बैठ बोली ना."

मी मागं बसलो. रस्ताभर आपांचा वर्ग चालू होता. "क्लच पूरा दाब. आता दुसरा. हळू. अब्बा असं हिसकत नव्हते." पैठण रोडला लागेपर्यंत गाडी दोनदा बंद पडली. पुढं तिनं श्वास मोकळा केला. लंगडणं थांबलं आणि तो जुना घुमणारा आवाज आला. इम्रान शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत होता.

चितेगावला चहासाठी थांबलो. एक प्लग काढून बघितला, बोट भाजून घेतलं. प्लगचं टोक कपातल्या चहाच्या रंगाचं झालं होतं. निरोगी इंजिनाचा रंग तो.

"आपा, चूक माझी होती," मी म्हणालो. "सात वर्षांपूर्वी तुम्हाला चुकीचं सांगितलं."

"असू द्या मिस्त्री," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगितलं म्हणून तर दर जुम्म्याला गाडीत बसायला कारण होतं."

परत आलो तेव्हा टेम्पो फाटकात उभा होता. ड्रायव्हरनं विचारलं, "भंगार कुठंय?"

"नाहीये," इम्रान म्हणाला. "चुकून बोलावलं होतं. गाडी बाजूला घ्या, आमची आत जायचीय."

तेव्हापासून मी सल्ला बदललाय. जुनी गाडी नुसती चालू करू नका, चालवा. इम्रानला सांगितलं, महिन्यातून एकदा पुण्याहून ये आणि चितेगावपर्यंत चक्कर मार. तो येतो. प्लग अजून चहाच्या रंगाचे आहेत. आपांचीही तब्येत सुधारलीय म्हणतात, पण ते काही माझ्या लाइनीतलं काम नाही.